वाहूळ बाईंची खोली

वाहूळ बाईंनी मला पहिल्याच दिवशी खोलीच्या बाहेर उभं केलं. भोकरदनच्या शाळेत मी दुसरा कलाशिक्षक म्हणून रुजू झालो, त्या सकाळची ही गोष्ट. हातात नेमणुकीचं पत्र, अंगात नवा शर्ट आणि डोक्यात संभाजीनगरहून चित्रकलेचा डिप्लोमा करून आल्याची हवा. मुख्याध्यापक तांगडे सर म्हणाले, "जा, चित्रकलेच्या खोलीत बाई असतील, ओळख करून घ्या." मी गेलो. दार उघडं होतं. पाऊल आत टाकणार तोच आवाज आला.

"तिथंच थांबा. पायपुसणं दिसत न्हाई का?"

मी पाय पुसले आणि पुन्हा पाऊल उचललं.

"पुसले ते बराबर केलं. पण तास चालू आहे. पोरं काम करून राह्यले. घंटा झाली की या."

एवढं बोलून त्या वळल्या. चाळीस मुलांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन-तीन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. पुढची वीस मिनिटं मी व्हरांड्यात उभा होतो. येणारा-जाणारा प्रत्येक शिक्षक विचारत होता, "काय सर, बाहेर?" त्या वीस मिनिटांत माझ्या मनात बाईंबद्दल जे बसलं ते पुढे बराच काळ हललं नाही. त्यांच्या मनात माझ्याबद्दल जे बसलं, ते बसायला मात्र दोन वर्षं लागली, आणि त्याला कारण मीच दिलं.

शकुंतला वाहूळ हे त्यांचं नाव. बुटक्या, काटकुळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. दिवसभर रंगांत वावरून संध्याकाळी त्यांच्या साडीवर रंगाचा एक ठिपका दिसायचा नाही. माझे शर्ट दुपारपर्यंत रंगपंचमी खेळल्यासारखे व्हायचे आणि मला त्याचा अभिमान होता. चित्रकार म्हटल्यावर कपड्यांना रंग लागणारच, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणायचो. बाई तिकडे न बघता म्हणायच्या, "रंग कागदाला लागला की झालं. बाकी सांडणं."

त्यांची खोली शाळेतली सगळ्यात मोठी, उत्तरेच्या खिडक्यांची. आत गेलं की एखाद्या चांगल्या चालणाऱ्या कारखान्यात आल्यासारखं वाटायचं. भिंतीवर लाकडी फळी, फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्यामागे काळ्या रंगाने काढलेली त्या त्या वस्तूची आकृती: कात्री, पट्टी, गुण्या, हातोडी. तास संपल्यावर भिंतीकडे एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते लगेच कळायचं. ब्रश तेलाच्या कापलेल्या डब्यांत, केस वर करून, जाडीप्रमाणे. ओली चित्रं वाळवायला खोलीच्या लांबीएवढ्या चार दोऱ्या आणि त्यांवर कपड्यांचे चिमटे. मुलांच्या टोळ्या पाडलेल्या: पाणीवाले, कागदवाले, वाटणारे, पुसणारे. दर सोमवारी कामं बदलायची. तास संपायला आठ मिनिटं उरली की बाई टेबलावर पट्टी आपटायच्या आणि नुसतं "आठ" म्हणायच्या. त्या शब्दाबरोबर अख्खा वर्ग उठायचा. घंटा होईपर्यंत टेबलं कोरडी, फरशी कोरडी, आणि पुढचा वर्ग दारात पाय पुसत उभा.

मला ते सगळं भयंकर वाटायचं. मुलांना मोकळं सोडा, सांडू द्या, चुकू द्या, असं मी शिकून आलो होतो. बाईंनी मला एका कपाटाचा खालचा कप्पा दिला आणि म्हणाल्या, "हा तुमचा. बाकीची खोली पोरांची आहे."

मी म्हणालो, "आणि तुमचा कप्पा?"

"मला कप्पा न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कशाला पाहिजे?"

आठवडाभरात मला पहिला धडा मिळाला. माझ्या तासानंतर ब्रश पाण्याच्या डब्यांत तसेच उभे राहिले होते, केस खाली करून. दुसऱ्या दिवशी मी नववीचा वर्ग घेऊन खोलीत आलो तर फळ्यावर बाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'काल ज्यांनी ब्रश पाण्यात उभे सोडले, त्यांनी आज ते स्वतः सरळ करावेत.' शेजारच्या टेबलावर अकरा वाकडे ब्रश ओळीने मांडलेले. वर्गाला सगळं कळलं. मी नववीच्या मुलांसमोर बसून ओल्या चिंधीने एकेका ब्रशचे केस सरळ केले. मुलं फार शांत होती, आणि तेच जास्त झोंबलं.

त्या खोलीतला एक नियम मला सगळ्यात जास्त खटकायचा. कुणीही स्वतःचे रंग आणून स्वतःपुरते वापरायचे नाहीत. जूनमध्ये ज्यांच्याकडे जे असेल ते बाई घ्यायच्या आणि सगळ्यांचे रंग, एकेका रंगाला एक अशा मोठ्या बरण्यांत, एक करायच्या. ज्यांच्याकडे काही नसायचं ते काही द्यायचे नाहीत. कुणी काय दिलं हे आठ दिवसांनी कुणालाच आठवायचं नाही. पाण्याचंही तसंच. चार मुलांमध्ये एक डबा. चौघांनी त्यातच ब्रश बुडवायचा.

आमच्या गावाकडचे एक नातेवाईक, चांगले बागायतदार, यांची मुलगी सातवीत होती. तिचा चोवीस रंगांचा डबा बाईंनी असाच बरण्यांत रिकामा केला. ते मला बाजारपेठेत भेटले आणि म्हणाले, "सर, हे काय चाल्लंय तुमच्या शाळेत? पोरीचा डबा घेतला. आणि ते सगळ्यांच्या पाण्यात ब्रश बुडवायला लावते ती बाई."

'सगळ्यांच्या' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला, तो मला कळला. आमच्याकडे तो सगळ्यांना कळतो. मी फक्त म्हणालो, "बघतो मी." तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं ते दुसरं काहीतरी होतं. पण बाईंविरुद्ध तक्रार ऐकायला मिळत होती, आणि मला ती गोड लागत होती.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमचं उघड भांडण झालं. मी आठवीच्या मुलांना घेऊन एक मोठं चित्र करायला घेतलं होतं. कागद कागदाला जोडून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. विषय होता बाजाराचा दिवस. मुलं गुडघ्यांवर बसून रंगवत होती, कुणाच्या कोपराला रंग, कुणाच्या नाकाला. आठ मिनिटं कधी आली आणि गेली ते मला कळलंही नाही. घंटा झाली. दारात बाई आणि त्यांच्यामागे चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी त्यांची मुलं.

"सर, जागा."

"बाई, वाळू द्या. अर्धा तास."

"माझ्या पोरांची परीक्षा चार दिवसांवर आहे. जागा."

मी हललो नाही. बाई आत आल्या, कागदाचं एक टोक उचललं आणि गुंडाळायला लागल्या. ओला रंग रंगावर चिकटला. बैल, टोपल्या, बायका, सगळं एकात एक गेलं. एक मुलगी रडायला लागली. माझा तोल गेला. दोन वर्गांसमोर मी ओरडलो, "ही खोली काय तुमच्या बापाची आहे?"

बाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"माझ्या बापाची न्हाई. माझ्या बापाला शाळेत खोलीच मिळाली न्हाई. म्हणून ही सांभाळून राह्यले."

आणि उरलेला कागद गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला. तेव्हा मला त्या वाक्यात फक्त मस्ती ऐकू आली. मी ती ओली गुंडाळी घेऊन स्टाफरूममध्ये गेलो आणि सगळ्यांना दाखवली. बाईंनी मुलांच्या कष्टांची कशी माती केली ते रंगवून सांगितलं.

आज विचार करतो तेव्हा वाटतं, चित्र वाया गेलं ही माझी तक्रार खरी होती. बाई त्या दिवशी चुकल्या होत्या. दोरीवर टांगता आलं असतं, व्हरांड्यात पसरता आलं असतं. त्या कधीही कुणासाठी अर्धा तास थांबल्या नाहीत, आणि मुलं त्यांना घाबरायची हेही खरं. पण मी पुढे जे केलं त्याला हे कारण पुरत नाही.

एप्रिलमध्ये तांगडे सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. शाळेला कॉम्प्युटर मिळाले होते आणि ते ठेवायला मोठी खोली हवी होती. "चित्रकलेची खोली बघितली संस्थेने," ते म्हणाले. "पण वाहूळ बाई आकांडतांडव करतील. वर अर्ज देतील. आता तुम्हीपण कलाशिक्षक आहात. तुम्ही दोन ओळी लिहून दिल्या की स्वतंत्र खोलीची आवश्यकता नाही, तर विषयतज्ज्ञाचंच मत झालं ना ते!" मग थोडं हसून म्हणाले, "अध्यक्षसाहेबांच्या कानावर त्या पाण्याचंपण आलंय. तुमच्याच पाहुण्यांनी सांगितलं."

मला विचार करायला वेळ हवाय असं मी म्हणालो नाही. तिथेच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: 'चित्रकला हा विषय नियमित वर्गखोलीतही परिणामकारकपणे शिकवता येतो. स्वतंत्र कक्षाची आवश्यकता वाटत नाही.' खाली सही केली. अक्षरलेखनात मला कॉलेजात बक्षीस होतं, त्यामुळे पत्र देखणं झालं. केबिनमधून बाहेर पडताना मला आनंद झाला होता. तो आनंद मला आजही आठवतो.

जूनमध्ये शाळा उघडली. मी मुद्दामच जरा लवकर आलो. चित्रकलेच्या खोलीत लाद्या नव्या होत्या, भिंतींना फिकट निळा रंग, आणि ओळीने कॉम्प्युटर, प्लॅस्टिकच्या कापडाखाली झाकलेले. ब्रश, बरण्या, बोर्ड, दोऱ्या, ती खिळ्यांची फळी, सगळं जिन्याखाली ढीग घालून ठेवलं होतं. शिपाई कडूबामामा म्हणाले, "मी म्हणलं होतं नीट रचून ठेवतो. पण जल्दी करा म्हणले. फेकल्यासारखंच झालं."

बाई आल्या. जिन्याजवळ थांबल्या. एक बरणी फुटली होती, तिच्यातला पिवळा रंग जमिनीवर वाळून तडकला होता. त्या वाकल्या नाहीत, कशाला हात लावला नाही. सरळ मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटांनी स्टाफरूममध्ये आल्या. सात-आठ शिक्षक चहा पीत बसले होते, मीपण होतो. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिसाळ सर, अक्षर चांगलंय तुमचं."

एवढंच. आणि गेल्या. हिंदीचे सर मला म्हणाले, "अरे वा, आज बाईंनी चक्क तारीफ केली!" सगळे हसले. मीही हसलो.

मी वाट बघत राहिलो, की आता बाई सगळ्यांना सांगतील. शाळेत, गावात, पालकांना. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. संस्थेचा निर्णय, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. माझ्याशी मात्र त्यांनी बोलणं बंद केलं. अगदीच गरज पडली तर शब्द मोजून द्यायच्या.

त्यानंतर आम्ही दोघं वर्गावर्गांत हिंडून चित्रकला शिकवू लागलो. बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात रंगांची पिशवी घेऊन त्या दुसऱ्या मजल्यावर चढायच्या. एकदा मी जिन्यात बादलीला हात घातला. त्यांनी ती खाली ठेवली.

"सोडा."

"बाई, जड आहे."

"तुम्ही उचललं की जास्त जड होतं."

मी जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मी वर जाऊन वाकून बघितलं तेव्हा त्यांनी बादली उचलली होती.

मला दुसऱ्या मजल्यावर पाणी नेणं जमलं नाही. खरं तर मी ते केलंच नाही. मी मुलांना सांगितलं, आपापले रंग आणा. सोपं होतं ते. सप्टेंबरच्या आसपास सहावीच्या वर्गात मी निसर्गचित्र घेत होतो. मागच्या बाकावर अश्विनी नावाची एक मुलगी बसायची. तिचे वडील मोंढ्यात हमाली करायचे. तिने पेन्सिलीने फार छान झाड काढलं होतं. मी म्हणालो, "रंगव ना आता."

ती म्हणाली, "सर, मला रंगवायला आवडत न्हाई."

मला आठवलं, पाचवीत हीच मुलगी बाईंच्या खोलीत हिरव्यात पिवळा किती घालायचा यावर मैत्रिणीशी भांडायची. मी वर्गावरून नजर फिरवली. तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. ज्यांच्यासमोर डबे होते ते एका बाजूला सरकून बसले होते. उरलेल्या चौदा-पंधरा मुलांना रंगवायला आवडत नव्हतं. आणि पाण्याचे छोटे छोटे डबे ज्याचे त्याचे होते. शेजारच्याने चुकून ब्रश बुडवला तर मुलं ओरडत होती, "माझं पाणी! माझं पाणी!"

मी मधल्या सुट्टीत तांगडे सरांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, ते माझं पत्र मला परत घ्यायचंय."

ते हसले. "पत्र फाइलला लागलं मिसाळ सर. आता काय ते परत मिळतंय? आणि कॉम्प्युटर कुठे ठेवू, तुमच्या घरी?"

मी बाईंकडे गेलो. त्या ग्राउंडच्या कडेला कडुनिंबाखाली ब्रश धूत होत्या. मी म्हणालो, "बाई, खोलीचं काहीतरी करू या. मी बोलतो अध्यक्षांशी."

"तुम्ही काही करू नका," ब्रशवरून नजर न काढता त्या म्हणाल्या. "तुम्ही केलं की खोल्या जातात."

खोली त्यांनीच मिळवली. तीन वर्षं अर्ज केले, तपासणीला आलेल्या प्रत्येक साहेबाला जिन्याखालचा ढीग दाखवला, पालकांच्या प्रत्येक सभेत उभ्या राहिल्या. शेवटी कंटाळून संस्थेने सायकलींची जुनी पत्र्याची शेड दिली. एका बाजूने उघडी, वरून तापणारी. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ती लावली. मी रोज जायचो आणि कुंपणाबाहेरून बघायचो. उघड्या बाजूला त्यांनी जुन्या फळ्यांची भिंत करून घेतली, उजेडासाठी वर हातभर फट ठेवली. पत्रा तापतो म्हणून वर तुरीच्या वाळलेल्या तुराट्या अंथरून घेतल्या. लंगड्या टेबलांच्या पायांना ट्यूबचे तुकडे बांधले. दोऱ्या, चिमटे, बरण्या, आकृत्यांची फळी, सगळं पुन्हा जागेवर. एका दुपारी मी आत जाऊन एक टेबल धरलं. कडूबामामा दुसऱ्या टोकाला होते. बाई म्हणाल्या, "मामा, खाली ठेवा. सर गेले की उचलू."

मामांनी ठेवलं. मी गेलो.

वेळापत्रकात माझेही तास त्या शेडमध्ये लागले, कारण ते मुलांचे तास होते. मी आत पाऊल टाकलं की बाई दुसऱ्या दाराने बाहेर पडायच्या. मी त्यांचा एकेक नियम पाळायला लागलो. पाणीवाले, कागदवाले, पुसणारे. माझ्या तासाला मीही पट्टी आपटून "आठ" म्हणायला लागलो. कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. रंग एक झाल्यावर अश्विनीला पुन्हा रंगवायला आवडायला लागलं. बाईंनी हे सगळं बघितलं असणार. एकदा मी बरण्यांची झाकणं पुसत होतो आणि त्या विसरलेला चष्मा न्यायला परत आल्या. मी धीर करून विचारलं, "बाई, त्या पत्राचं तुम्ही कुणालाच का सांगितलं नाही?"

चष्मा पदराला पुसत त्या थांबल्या.

"तुमच्यासाठी ठेवलं असं समजून राह्यले का? बिलकुल न्हाई. पोरं तुमच्या हाताखाली शिकतेत. मास्तर कसाय ते कळल्यावर त्याच्याकडून रंग कोण शिकंल? पोरांचं नुकसान एकदा झालं तेवढं बस."

"मी चुकलो बाई."

"मला म्हाईत आहे. त्यानं मला काय फरक पडतो?"

आणि त्या गेल्या.

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ शाळेच्या हॉलमध्ये झाला. तांगडे सरांनी मला बोलायला सांगितलं. शिक्षक, मुलं, पालक, संस्थेची माणसं, हॉल भरलेला होता. मी मायेची सावली, शिस्तीचा आदर्श, रंगांची उपासना असं बरंच काही बोललो. टाळ्या पडल्या. बाई समोर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होत्या, पापणी न हलवता. उत्तराच्या भाषणात त्यांनी कडूबामामांचं नाव घेतलं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींचं घेतलं, मुलांच्या चार-पाच जुन्या तुकड्यांची घेतली. माझं घेतलं नाही. मी शाल द्यायला पुढे झालो तेव्हा माईकपासून तोंड वळवून हळूच म्हणाल्या, "आज तरी खरं बोलायचं."

माझे हात शालीसकट तसेच राहिले. त्यांनी शाल माझ्या हातातून काढून स्वतःच खांद्यावर घेतली, फोटो निघाला. त्या फोटोत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे आहोत आणि दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

त्यानंतर त्या जालन्याला राहायला गेल्या. मला दोनदा बसस्टँडवर दिसल्या. एकदा मी नमस्कार केला, त्यांनी मान वळवली. दुसऱ्यांदा मी केला नाही. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने त्या गेल्याचा निरोप शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं आणि थोड्या वेळाने काढून टाकलं.

शाळेत शोकसभा झाली. बाईंची मुलगी करुणा आली होती. ती अंबडला कॉलेजात शिकवते. बाईंसारखीच बुटकी, पदर तसाच खोचलेला. एकेक जण उठून बोलला. वाहूळ बाई म्हणजे प्रेमळ, वाहूळ बाई म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या, त्यांचा कधी कुणाशी वाद नव्हता. मी ऐकत होतो. बाई त्या वर्णनात कुठेच दिसत नव्हत्या. माझं नाव पुकारलं तेव्हा मी भाषणाचा कागद खिशातच ठेवला.

"बाई प्रेमळ होत्या की नाही मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझ्याशी नव्हत्या. त्यांचा माझ्यावर शेवटपर्यंत राग होता. चित्रकलेची खोली गेली ती संस्थेमुळे गेली असं तुम्हाला वाटतं. खोलीची गरज नाही असं लिहून मी दिलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला बाईंना धडा शिकवायचा होता. आणि सगळी मुलं एका पाण्यात ब्रश बुडवतात याबद्दल आमच्या लोकांची जी तक्रार होती, ती मला कळत होती. कळून मी ती वापरली. बाईंना हे सगळं माहीत होतं. त्यांनी तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही. मी निरोपाच्या दिवशी इथेच उभं राहून खोटं बोललो होतो."

तांगडे सर निवृत्त होऊनही पुढच्या रांगेत बसले होते, ते पायांकडे बघत होते. कुणीतरी घाईने उठून दोन मिनिटांच्या स्तब्धतेची घोषणा केली. सभा संपल्यावर हिंदीचे सर माझ्या शेजारून सरळ निघून गेले. कडूबामामांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली आणि माझी खुर्ची सोडून बाकीच्या उचलल्या.

करुणा दारापाशी थांबली होती. मी जवळ गेलो. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल ज्याने मला हलकं वाटेल. इतकं सगळं झाल्यावरही मी तेच शोधत होतो.

"सर, तुम्ही आज सांगितलं," ती म्हणाली. "पण आई असताना सांगायचं होतं. ह्याच हॉलमध्ये. ती समोर बसल्ती."

"हो," मी म्हणालो.

"आज ऐकायला ती न्हाई. मंग हे तुम्ही कुणासाठी केलं?"

ती पायऱ्या उतरून गाडीकडे गेली.

मी अजून त्याच शाळेत आहे. नवे शिक्षक येतात. शेडमधली ती शिस्त बघून विचारतात, या वाहूळ बाई कोण, कशा होत्या. मी त्यांना सांगतो, फार कडक होत्या, कुणासाठी थांबायच्या नाहीत, आणि त्यांना माझा राग होता. तो बरोबर होता.